अक्काचा भात आणि माझे गाल

मला कधी कसलाही आजार झाला नव्हता. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, शाळेपासूनच्या दोस्तापाशी नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या थोरल्या बहिणीपाशी, अक्कापाशी, तर नाहीच नाही. लोक आजार लपवतात. मी आजार नसल्याचं लपवलं. भोर-वेल्ह्याकडच्या आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत मी मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस म्हणून ओळखला जातो. कुठल्याही कार्यक्रमात मला पंख्याखालची खुर्ची देतात, आणि मी ती घेतो.

खोटं मात्र मी बोललो नाही. कुणी "काय झालं होतं हो?" असं विचारलं की मी नुसता खाली बघायचो. पुढचं सगळं विचारणाराच बोलायचा.

किकवीजवळ हायवेला लागून माझं मंगल कार्यालय आहे. घर भोरात. ह्या धंद्यात मालकाचं पोट हीच पाटी. मुलीकडची मंडळी कार्यालय बघायला येतात तेव्हा स्वयंपाकघर मागाहून बघतात, आधी मालकाला बघतात. मालकाच्या शर्टाची बटणं ताणलेली दिसली की त्यांना जेवणाची खात्री पटते. माझी बटणं धंदा सुरू केल्यापासून ताणलेली होती. जिलेबीचा पहिला घाणा, मठ्ठ्याची पहिली वाटी, मसालेभाताचं पहिलं उलथणं, सगळं चाखून बघायचं हे माझं कामच होतं. गाल असे होते की फोटोवाले म्हणायचे, "मालक, जरा सरकता का? नवरीवर सावली पडतीय."

ह्यात मी सुखी होतो. मग लग्नांत ड्रोन आला.

समोरून माणूस स्वतःला सांभाळून घेतो. पोट आत ओढतो, हात पुढं बांधतो, खुर्चीच्या मागं उभा राहतो. वरून काही करता येत नाही. एका लग्नाचा व्हिडिओ कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर लावला होता. वरात दिसली, घोडा दिसला, आणि फाटकातून एक गोल पांढरी वस्तू हळूहळू आत सरकताना दिसली. मला वाटलं, पाण्याचा टँकर आत घेतायत. तेवढ्यात टँकर वाकून नवरदेवाच्या आजोबांच्या पाया पडला.

सगळे हसले. मीही हसलो. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. वजन कमी करायला हवं म्हणाले. चाला, खाणं आवरा, संध्याकाळी लवकर जेवा. आणि तरी उतरत नसेल तर आठवड्याला एक असं इंजेक्शन आहे, पण ते सावकाश घ्यायचं, मधे मधे येऊन दाखवायचं. एवढ्या लांबलचक बोलण्यातला 'इंजेक्शन' हा एकच शब्द मी बरोबर घेऊन आलो. चालणं, आवरणं, सावकाश आणि येऊन दाखवणं हे तिथंच टेबलावर राहिलं.

औषधाचं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. घरच्या फ्रिजवर बायकोचं राज्य आहे; त्यात लिंबूसुद्धा तिला न विचारता ठेवता येत नाही. म्हणून पेन कार्यालयाच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यांच्या मागं. आठवड्याला एकदा मी आचाऱ्यांना भाजीच्या नावानं बाहेर पाठवायचो, श्रीखंड बाजूला करायचो आणि पोटाला चिमटा घेऊन भूक मारायचं औषध टोचून घ्यायचो.

भूक गेली. पाहुणा रागावून न सांगता निघून जावा तशी गेली. जिलेबी समोर आली की ती मला जिलेबी न दिसता पिवळी वायर दिसायची. आचारी उलथण्यावर भात घेऊन यायचा आणि मी लांबूनच "छान झालाय" म्हणायचो. पोट भराभर उतरलं. पँटी ढिल्या झाल्या, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. त्या पट्ट्याच्या भोकांचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कार्यालयाच्या उद्घाटनाचाही वाटला नव्हता. "काय मालक, कसं काय जमवलं?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "चालतो." चालत तर होतो. गाडीपासून फाटकापर्यंत.

पण अंगावरचं कुठून जायचं ह्यावर माणसाचा ताबा नसतो. मला पोट नको होतं, गाल हवे होते. औषधाला एवढं बारीक कळत नाही. कानशिलं आत गेली. डोळ्यांखाली खळगे पडले. गालांची कातडी आतला माल गेल्यावर पोतं बसावं तशी खाली बसली आणि जबड्यापाशी लोंबायला लागली. आरशात मला माझे वडील दिसायला लागले, तेही शेवटच्या दिवसांतले.

पहिला घाबरला तो माझा दोस्त. भोरात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स दर वर्षी तोच करतो आणि त्याच्या ईदचा शीरखुर्मा दर वर्षी मी दोन वाट्या संपवतो. त्या वर्षी ईदला मी अर्धी वाटी ठेवली, ती त्यानं उचलून आत नेली. वाढदिवसाला मी हौसेनं नवा, बारीक झालेला फोटो घेऊन गेलो. त्यानं तो कॉम्प्युटरवर मोठा केला, लहान केला, मागं पिवळा रंग टाकून बघितला, फेटा चढवून बघितला.

"भावा," तो म्हणाला, "हा फोटो म्या लावनार न्हाई."

"का?"

"मागं कुठलाबी रंग टाकला तरी खाली 'भावपूर्ण' लिवावं वाटतंय."

शेवटी त्यानं जुनाच, गालांचा फोटो लावला. चौकात माझ्या फ्लेक्सखाली मीच उभा होतो तर एका ओळखीच्या गृहस्थानं मला बाजूला घेऊन विचारलं, "वरचे तुमचे थोरले बंधू का?"

मग केळी सुरू झाली.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जायची एक रीत आहे. आजार कसला ते विचारायचं नाही, कारण आपल्याला माहीत आहे असंच धरून चालायचं. केळी न्यायची, बिस्किटाचा पुडा न्यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचं आणि ह्याच चेहऱ्याचा आपल्या ओळखीचा कोण कोण होता आणि त्याचं पुढं काय झालं ते सविस्तर सांगायचं. किकवीच्या लोकांनी माझी कावीळ ठरवली. भोरात किडनी ठरली. आंबवड्याहून एक म्हातारबुवा आले, ते वडिलांचे स्नेही. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "लपवू नये बाबा. आमच्या साडूनं लपवलं."

"मग?"

"मग काय, गेला." आणि त्यांनी केळ्यांचा फणा माझ्या मांडीवर ठेवला.

मी काय करायला हवं होतं? "बुवा, मला काही झालेलं नाही, मी ड्रोनमध्ये टँकर दिसत होतो म्हणून सुया टोचून घेतोय," असं म्हणायला हवं होतं. मी केळी घेतली. औषधामुळं मला ती खाववत नव्हती, म्हणून कार्यालयात पाठवली. त्या हंगामात आमच्याकडं जे जेवून गेले आणि ज्यांनी फ्रूट सॅलडची तारीफ केली, त्यांनी माझा आजार खाल्ला.

बुकिंग मात्र ढिलं पडायला लागलं. मुलीकडचे यायचे, माझ्याकडं बघायचे, एकमेकांकडं बघायचे. एक बाई तर जाताना जिन्यात बोलल्याच, "मालकच हितलं जेवत न्हाई वाटतं."

आता अक्काबद्दल सांगतो, कारण इथवरचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली. अक्का तोवर पासलीला नांदायला गेली होती, वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याकडं. पासलीत भात हेच पीक आणि भात हेच जेवण. नाचणीची भाकरी असते, पण ती रानात न्यायला. "जेवलास का?" ह्याचा अर्थ तिथं "भात खाल्लास का?" असाच आहे. मी गेलो की अक्का आधी हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडं वळवायची. "एवढंसं झालंय," म्हणायची, आणि ताटात ढीग घालायची. तब्येत मोजायचं तिच्याकडं तेवढं एकच साधन: तोंड भरलंय का नाही. दाजी गेल्यावरही तिनं शेती सोडली नाही. दर वर्षी नव्या तांदळाचं पहिलं पोतं ती एसटीनं मला पाठवते आणि मग घरी नवा भात लावते. आधी भाऊ, मग चूल.

त्या वर्षी भाऊबीजेला मी पासलीला गेलो. पाटावर बसलो. अक्कानं ताम्हण उचललं, निरांजन पेटवलेलं होतं, हात वर नेला आणि ताम्हण माझ्या तोंडासमोरच थांबलं. भावाला ओवाळायची चाल कुणी काढली कोण जाणे, पण मला वाटतं ती त्याच्या तोंडाजवळ दिवा नेऊन नीट बघता यावं म्हणूनच काढलेली असावी. खळगे उजेडात जास्तच दिसतात.

"काय झालंय रं तुला?"

मी खाली बघितलं.

"सांगन्यासारखं न्हाई व्हय?"

"तसं काही नाही गं. बरंय आता."

मघाशी मी म्हणालो, मी खोटं बोललो नाही. ते एवढा 'आता' सोडून.

अक्कानं ओवाळणं पुरं केलं. मग पानं वाढली. माझ्या ताटात भाताचा नेहमीचा ढीग, वर तूप. ती समोर बसली तेव्हा तिच्या ताटलीत सकाळची नाचणीची भाकरी होती.

"तू भात नाही घेतलास?"

"सोडलाय."

"कधीपासून?"

"आत्तापास्नं." देव्हाऱ्याकडं न बघताच तिनं तिकडं बोट केलं. "तुजं त्वांड भरल्याबिगार भाताला शिवायची न्हाई. आईला सांगितलंय." आई म्हणजे गावची देवी.

माझ्याजवळ बोलायला तेव्हा बक्कळ वेळ होता. अक्का सावकाश जेवते. पण त्या घरात ते बोलायचं कसं? पिढ्यान्पिढ्या डोंगरउतारावर चिखल तुडवून लोकांनी ज्या घरात फक्त भूक भागवायची खटपट केली, त्या चुलीपाशी बसून मी सांगायचं की मी दर आठवड्याला पैसे मोजतो ते भूक लागू नये म्हणून? आजार सांगता येतो. आजाराला लाज नाही. हे सांगायला तोंड लागतं, आणि ते तर बसलेलं होतं.

मी म्हणालो, "बरं."

कापणी झाली. नव्या तांदळाचं पोतं एसटीनं आलं. पहिला भात लावला की घरभर वास सुटतो, तो मला त्या वर्षी औषधापायी मळमळायला लावत होता. तिकडं अक्का स्वतःच्या रानातला, स्वतः झोडपलेला तांदूळ सुनेला शिजवून वाढायला लावत होती आणि आपण भाकरी मोडत होती. एकाच रानातला तांदूळ आम्हा दोघांपैकी कुणीच खाल्ला नाही. मी हौसेनं आणि ती माझ्यासाठी.

थंडीत तिच्या सुनेचा फोन आला. "मामा, आत्याबाईंना सांगा की जरा. भाकरी चावत न्हाई त्यास्नी, दात कुठं ऱ्हायलेत? अर्धी खात्यात आन उठत्यात. परवा देवळाची पायरी चढताना बसल्या खाली."

"देतेस का तिला फोन?"

अक्का फोनवर आली. "तुजं कसंय?" म्हणाली. तिचं कसं आहे हे मी विचारायच्या आत.

एक वाक्य बोललो असतो तर ती त्या दुपारी भात जेवली असती. ते वाक्य वाचवायला मी गालांत सुया टोचून घ्यायचं ठरवलं. ह्यात बुकिंगचाही विचार होता, तो मी नाकारत नाही. पण रस्ताभर मी स्वतःला सांगत होतो की हे अक्कासाठी. माणसाला स्वतःचं तोंड रंगवायला बहिणीचं नाव चालतं.

पुण्यातला तो दवाखाना बाहेरून सराफाच्या दुकानासारखा आणि आतून विमानतळासारखा होता. औषधाचा वास नाही, कॉफीचा वास. खोकणारं कुणी नाही. भिंतीवर गालांचे फोटो: आधी, नंतर. डॉक्टर तरुण बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या, शांत.

"काय त्रास होतो?"

"लोक केळी आणतात."

मग मी त्यांना इंजेक्शनचं सांगितलं. दवाखान्यात सांगितलेलं मी सांगितलेल्यात धरत नाही. तिथं सगळेच तेच सांगायला येतात. त्यांनी माझं तोंड डावीकडं, उजवीकडं वळवलं, अक्का वळवते तसंच, आणि कागदावर रेघा मारत समजावून सांगितलं. वजन फार झपाट्यानं गेलं. गालांत, कानशिलांत चरबीच्या गाद्या असतात, त्या बसल्या, कातडी तेवढीच राहिली. उपाय दोन. एक म्हणजे जेल भरायचं. ते वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग विरतं. दुसरा उपाय, आपल्याच पोटाची चरबी काढून गालात घालायची. एवढं बोलून त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि दुसरा उपाय खोडला.

"तिसरंही आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरांना भेटा, औषधाचं प्रमाण बघून घ्या, नीट खा, थोडं वजन येऊ द्या. चेहरा थोडाफार आपोआप भरेल. काही महिने लागतील. घाई नसेल तर मी तेच सांगीन."

ह्यात एक पैसाही लागत नव्हता आणि सुई तर नव्हतीच. पण थोडं वजन म्हणजे पट्ट्याची दोन भोकं. मी पट्ट्याला हात लावून बघितला.

"घाई आहे," मी म्हणालो.

"काही कार्यक्रम?"

"लगीनसराई."

अक्काचा भात मी तिथंही सांगितला नाही.

आधी बधिर करणारं मलम लावलं. मग गालात बोथट सुई शिरली आणि आतून कुणीतरी हळूहळू मांडव उभा करावा तसं वाटलं. मला ते काम ओळखीचं होतं. कापड जुनंच, बांबू नवे, लांबून बघणाऱ्याला भरगच्च. संपल्यावर बाईंनी आरसा हातात दिला. त्यात मी होतो. सुजलेला, दोन ठिकाणी निळसर, पण मी. डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं दुखलं म्हणून.

निघताना त्यांनी बजावलं, काही दिवस चेहरा दाबायचा नाही, चोळायचा नाही, पालथं झोपायचं नाही. निळे डाग जाईपर्यंत मी भोरात तोंड झाकून राहिलो आणि डाग जाताच पासली गाठली.

बाईंनी मला बजावलं होतं. अक्काला कुणी बजावलं नव्हतं.

मी गाडीतून उतरताच तिनं हातातली पाटी खाली टाकली आणि दोन्ही तळव्यांत माझं तोंड धरलं. भात झोडपलेले हात. मी ओरडून मागं सरलो, कारण मला खरंच वाटलं की गाल आता हलणार. "दुखतंय अजून?" म्हणाली, आणि हात लगेच सैल केले. मग नुसती बोटं माझ्या गालांवरून उतरवली आणि आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा मोडली.

तिथं मी बघितलं. ज्या कानशिलांवर तिनं बोटं मोडली ती आत गेलेली होती. डोळ्यांखाली खळगे. गाल बसलेले, कातडी जबड्याशी आलेली. माझाच 'आधीचा' फोटो, लुगड्यात.

नवस फेडायला सगळी आळी देवळात गेली. दहीभाताचा नैवेद्य झाला. ज्याच्यासाठी भात सोडला त्यानं पहिला घास भरवायचा, असं म्हाताऱ्या बायांनी ठरवलं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय त्याज आलंय!"

"लोन्याचं गोळं बसवल्यावानी दिसत्यात."

"आईची करनी हाय बाय."

अक्का उभी राहिली. "म्या आईला म्हनलं व्हतं, माज्या अंगावरचं काढ आन त्याला घाल," ती म्हणाली. एक बोट तिनं आपल्या गालाला लावलं, मग माझ्या. "बगा. हितलं तिकडं ग्येलं का न्हाई?"

"व्हय की!" बायका म्हणाल्या. खरंच, ताडून बघितलं तर मापात होतं.

मी घास भरवला. ती डोळे मिटून तो चावत बसली. भाताला चावावं लागत नाही. ती चावत होती.

निघताना ओट्यावर मी धीर केला. "अक्का, मी पुण्याला डॉक्टरकडं गेलो होतो. हे त्यांनी केलंय."

"मग?" ती म्हणाली. "डाक्टर निमित्त रं. त्याच्या हाताला गुन कुनी दिला?"

ह्याच्यापुढं एक पाऊल होतं. दुखणं मुळात नव्हतंच, एवढं बोलायचं होतं. पण तिनं मला निसटायला एवढी मोठी वाट करून दिली होती, आणि पुन्हा मी खाली बघितलं.

जेल विरतं. बाईंनी सांगितलंच होतं. लोक दिवाळीआधी घराला रंग देतात, मी गालांना द्यायला लागलो. भाऊबीज आली की पुण्याला एक फेरी, मग पासली, मग ओवाळणी, मग अक्काच्या ताटात भात. "थोडं वजन का येऊ देत नाही?" बाई दर वेळी विचारतात, आणि मी दर वेळी पट्टा चाचपतो. बायकोला ह्यातलं काय माहीत आहे ते मला माहीत नाही. एकदा कार्यालयाच्या फ्रिजमधून श्रीखंड काढता काढता ती म्हणाली, "तुमच्या तपासण्या बऱ्या चालल्यात ना?" आणि डबे पुन्हा होते तसेच, नीट, पुढं-मागं लावून ठेवले.

ह्या वर्षी बाईंनी नकार दिला. सारखं भरत राहिलं की चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आता काही काळ थांबू या म्हणाल्या. कार्यालयातल्या आरशांत मी रोज थोडा थोडा वडिलांसारखा होत गेलो.

भात निसवून दाणा भरायच्या दिवसांत मी पासलीला गेलो. अक्का बांधावर होती. एक लोंबी तिच्या हातात होती, अंगठ्यानं दाणा दाबून आत दूध धरलंय का ते बघत होती. मला बघून आली. अंगठ्यानं माझा गाल दाबला, तसाच. मग दुसरा.

पोचट दाण्याला ती काही म्हणत नाही. नुसती लोंबी सोडून देते.

दुपारी तिनं सगळ्यांना भात वाढला. मग टोपलीतून भाकरी काढली.

"अक्का, अगं जेव की थोडा भात."

"पुन्यांदा धरतंय वाटतं तुला," ती म्हणाली. "असू दे. माज्याकडं हाय अजून थोडं."

तिच्या चेहऱ्यावर काहीच उरलेलं नव्हतं. तिच्याकडं कुणी केळी घेऊन जात नाही. डोंगरातल्या म्हाताऱ्या बाईचे गाल बसलेलेच असतात, असं सगळ्यांनी धरलेलं आहे. मीसुद्धा तिच्या ताटाकडं बघत होतो, तोंडाकडं नाही. भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून ती तो बराच वेळ तोंडात घोळवत राहिली. मी माझा भात संपवला. औषध चालू असूनही संपवला.

हे सगळं इथं लिहायला मला धीर झाला, त्याला एक कारण आहे. अक्काला वाचता येत नाही.

अक्काचं मी एवढं देणं लागतो: पासलीला जायचं, तिच्यासमोर बसायचं, आणि सांगायचं की मला काही झालं नव्हतं, तुझे गाल माझ्या कामी आले नाहीत, भात खा. ते मी अजून दिलेलं नाही.